लाकाच्या आवाजातली खरखर

जव्हार
दि. ८ डिसेंबर २०२४

चि. शलाका हिस,
दामूमामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. तुझी खुशाली आम्ही हल्ली पोस्टरवरून समजून घेतो.

माझ्या हातांनी केलेल्या वस्तूंची यादी आधी देतो, म्हणजे पुढचं बोलणं नीट होईल. सागाच्या फळ्यांची दोन स्पीकरची खोकी, आतून गोधडीचं अस्तर. साठ वॅटचा अँप्लिफायर. त्याच्या ट्रान्सफॉर्मरची तार मी हाताने मोजून गुंडाळली, अकराशे वीस वेढे. सायकलच्या दांड्याचा माइक स्टँड, तुझ्या नवव्या वर्षीच्या उंचीचा, दरवर्षी वाढवता येईल असा. तुझ्या मामीच्या जुन्या जॉर्जेट साडीचा तुकडा भरतकामाच्या रिंगमध्ये ताणून केलेली माइकपुढची जाळी, ‘प’ आणि ‘फ’ फुटू नयेत म्हणून. दुकानामागची रेकॉर्डिंगची खोली, सहा फूट बाय पाच, भिंतींना कापसाच्या गाद्या आणि बारदान. बाजाराच्या दिवशीसुद्धा आत बाहेरचा आवाज येत नाही. आणि सुटे भाग जोडून केलेला कॉम्प्युटर. शिकवलं कुणी नाही. सेकंडहँड पुस्तकं वाचली आणि भाग जाळले, तेवढंच माझं शिक्षण.

आता तुझ्या कंपनीने इंटरनेटवर ‘लाका’चं जे चरित्र टाकलं आहे ते घे. (शलाकाची लाका केली तेव्हाच मी विचारलं होतं की पहिलं अक्षर परवडत नव्हतं का. उत्तर अजून आलेलं नाही.) त्यात लिहिलंय की लाकाचा पहिला माइक म्हणजे पत्र्याचा रिकामा डबा. तुझ्या मामीने, प्रमिलाने, तिच्या फोनवरून मला वाचून दाखवलं. मी पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली की डबा तिसऱ्यांदा वाचला तरी डबाच राहणार, आता पानावर बसा.

एकूण चुका अकरा. मुख्य तेवढ्या लिहितो. तुझा जन्म सूर्यमाळच्या झोपडीत झालेला नाही. तो जव्हारच्या सरकारी दवाखान्यात झाला, ३ फेब्रुवारी १९९९, सकाळी सव्वानऊ. मी बाहेर बाकावर एका रेडिओची दोरी बसवत होतो. सूर्यमाळला तुम्ही दोनच वर्षं होतात, कारण तुझ्या आईची, जानकीची, शाळेतली बदली तिथे झाली होती. त्या पानावर डोक्यावर हंडा घेतलेला तुझा फोटो आहे. तो हंडा तुझ्या डोक्यावर कधी नव्हता. तो तुझ्या वर्गातल्या भागीच्या डोक्यावर असायचा, आणि एप्रिल-मे महिन्यांत ती तो घेऊन अख्खा डोंगर उतरायची नि चढायची. तिचा हंडा तिलाच राहू दे. शिवाय फोटोतला हंडा रिकामा आहे हे मानेवरून कळतं.

दोन हजार सोळा साली शिरपामाळला एका पर्यटकाने तुला ‘शोधून काढलं’ म्हणे. तू काय हरवली होतीस? त्याने फोनवर चित्र घेतलं, त्यात गाण्याच्या जागी नुसता वारा. माझा माइक तुझ्यापुढे होता. तो माणूस माझ्याकडे आला, आवाज मागून घेऊन गेला आणि चित्राला जोडला. त्या व्हिडिओवर अठरा लाख लोकांनी जे ऐकलं ते माझं रेकॉर्डिंग. टीव्हीच्या स्पर्धेत तू चौथी आलीस, दुसरी नव्हे. चौथी येऊन इतकी पुढे गेलीस यात जास्त मान आहे, मग खोटं कशाला? आणि ‘टॉवर नाही’ हे गाणं कंपनीच्या टीमने ‘घडवलेलं’ नाही. रेंज मिळावी म्हणून टेकडी चढणाऱ्या पोरीचं ते गाणं तू खोडाळ्याला लिहिलंस आणि पहिल्यांदा माझ्या खोलीत म्हटलंस. आज बारा कोटी लोकांनी ऐकलं म्हणतात. दुबईतली माणसं त्यावर नाचतात. त्यांच्याकडे टॉवर असतो, तरी नाचतात. चांगलं आहे.

तुझ्या खरखरीत आवाजाला ‘डोंगरवाऱ्याची देणगी’ म्हटलंय. वाऱ्याने काहीही दिलेलं नाही. ती खरखर आपण माझ्या खोलीत मेहनतीने आणली.

हे सगळं मी फोनवर सांगितलं असतं. पण तू फोन तुझ्या मॅनेजरकडे, त्या ऋषिकेशकडे, देतेस आणि ऋषिकेश सगळं नोंदवून घेतलं असं सांगून फोन ठेवतो. म्हणून पत्र.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसलो ते. तुझ्या नाशिकच्या आणि नागपूरच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ मी हेडफोन लावून ऐकले. ‘टॉवर नाही’च्या दुसऱ्या कडव्याआधी तू श्वास घेतेस, त्यात जिभेचा बारीक टक् असा आवाज आहे. तो टक् नाशिकला आहे, आणि तोच, तिथेच, तेवढाच नागपूरला आहे. माणूस दोन गावांत एकच श्वास घेत नाही. तू गात नव्हतीस. काय चाललंय?

उत्तर तुझ्या हातचं पाहिजे. प्रमिला आशीर्वाद सांगते. लोभ आहे, त्यात सध्या त्रागा मिसळला आहे, गाळून घ्यावा.

तुझा,
दामूमामा


मुंबई
१९ डिसेंबर २०२४

ती. दामूमामा व सौ. मामी यांस,
शलाकाचा सा. नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं, आणि ऋषिकेशने फोडायच्या आत मिळालं हे विशेष. नंतर त्याला यादी वाचून दाखवली. मॅनेजर म्हणून तो रोज दहा जणांची बोलणी खातो, पण अकराशे वीस वेढ्यांपाशी त्याने मला विचारलं की हे गृहस्थ खरोखर आहेत ना. मी म्हटलं, आहेत, आणि तू कधी त्यांना पत्र लिहिलंस तर लाल शाईने तपासून परत येईल.

हंडा ही माझी चूक. फोटोवाल्याने हातात दिला, मी घेतला. भागी आठवली होती, तरी घेतला. तो फोटो काढायला लावलाय. बाकीच्या दहा चुकांचं बघते.

आता श्वासाचं. मामा, नागपूरला अठ्ठावीस हजार माणसं होती. एकालाही कळलं नाही. तुम्हाला जव्हारला बसून मामीच्या फोनवर कळलं. मला इतका राग आला की पत्र दोन दिवस कपाटात टाकून दिलं. मग बाहेर काढून पुन्हा वाचलं आणि रडले, कारण कुणाला तरी कळलं होतं.

हो. दिवाळीपासून मी स्टेजवर गात नाही, ओठ हलवते. माझ्या डाव्या स्वरतंतूवर नागलीच्या दाण्याएवढी गाठ आहे. डॉक्टर पोलिप म्हणतात. साधी आहे, घाबरायचं नाही. पण वरचा सा लावायला गेले की आवाज मध्येच सोडून जातो. सहा जानेवारीला ऑपरेशन. त्यानंतर दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही आणि तीन महिने गाणं बंद. एप्रिलअखेर बारा शहरांचा दौरा ठरलेला आहे, तिकिटं विकून झाली आहेत. त्याचं काय करायचं हे कंपनी बघतेय.

हर्षदाताई म्हणून थेरपिस्ट आहेत, आवाज परत बसवायला शिकवणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं की गळा असा दाबून गायला कुणी शिकवलं. मी म्हटलं, आपोआप आलं.

आईला माहीत आहे. तिला रागावू नका. मीच शपथ घातली होती. तुम्हाला कळलं तर तुम्ही रेकॉर्डिंगच्या वह्या घेऊन डॉक्टरांकडे याल आणि त्यांच्याच रिपोर्टात चुका काढाल, ही भीती.

मामींना म्हणावं, पापड संपले. रागावलात तरी चालेल, पण पत्र लिहायचं थांबवू नका.

तुमची,
शलू


जव्हार
२४ डिसेंबर २०२४

चि. सौ. जानकी हिस,
दादाचे आशीर्वाद. हे सवयीने लिहिले. मनापासूनचे राग उतरल्यावर पाठवतो. भाऊजींना नमस्कार, त्यांच्यावर राग नाही, त्यांना घरात कुणी काही सांगत नाही हे मला माहीत आहे.

तू दर पंधरा दिवसांनी खोडाळ्याहून येतेस. प्रमिलाकडे चहा पितेस. पापडाचं पीठ सैल की घट्ट यावर अर्धा तास बोलतेस. आणि मुलीच्या गळ्यात गाठ आहे, तिला कापणार आहेत, हे बोलत नाहीस. दोन महिने! मला नागपूरच्या व्हिडिओतल्या एका श्वासावरून ओळखावं लागलं. हे काय वागणं झालं? मी त्या पोरीचा कोण आहे ते एकदा सगळ्यांनी बसून ठरवा आणि मला लेखी कळवा.

गळा कशाने गेला ते मला स्पष्ट दिसतंय. मुंबईची धूळ, एसी, कानात बोळे घालून गाणं, विमानं, फ्रिजचं पाणी. इथे होती तोवर तिच्या आवाजाला काही म्हणता काही झालं नव्हतं. मी हवेत बोलत नाही. दोन हजार आठ ते अठरा, तीनशे बारा तासांचा पुरावा माझ्याकडे आहे, प्रत्येक टेकची वहीत नोंद आहे. डॉक्टरांना हवा असेल तर दाखवीन.

ऑपरेशनला मी येणार आहे. येऊ नको असं कुणी सांगू नये.

दादा


खोडाळा
२ जानेवारी २०२५

ती. दादास,
जानकीचा नमस्कार. वहिनींना, आणि त्यांच्या सहनशक्तीला वेगळा नमस्कार.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा हसू आलं नाही. लपवलं ही चूक, कबूल. मुलीने शपथ घातली होती हे खरं, पण ती नसती घातली तरी मी तुला सांगितलं नसतं, हे त्याहून खरं. पुराव्याचं काढलंस म्हणून लिहिते, नाहीतर गप्पच राहणार होते.

तुझ्या त्या खोलीबाहेर स्टुलावर मी किती वर्षं बसले? शलू आत, तू मशीनवर, मी शाळेच्या वह्या तपासत. दोन हजार पंधराच्या ऑगस्टातला दिवस मला नीट आठवतो. माझ्याकडे चौथीच्या त्रेचाळीस वह्या होत्या. तू पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होतास आणि मी दर वेळी एकेक वही उरकत होते. शेवटची वही संपली आणि तू आणखी एकदा म्हणालास. एकच कडवं, दादा. पोरगी सोळा वर्षांची. बाहेर आली ती पाणी मागायला, आणि मागताना तोंडातून आवाज निघेना, नुसती हवा. तू तिच्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालास की आज कुठे आवाज उघडला.

तुझ्या स्पीकरला एवढीशी खरखर आली तर तू ताट बाजूला सारून उठतोस. ती सापडेपर्यंत कुणाशी बोलत नाहीस. पोरीच्या गळ्यात आली तर वहीत काय लिहिलंस, ते तूच काढून बघ.

सगळं तुझ्यावर ढकलत नाही. मी आई, मी उठून दार उघडायला हवं होतं. नाही उघडलं. तिचं नाव होणार हे मला दिसत होतं आणि मला ते हवं होतं. पोस्टर पाहून छाती माझीही फुगते.

ऑपरेशनला ये. पण येताना वह्या आणू नको. तिच्याजवळ बस, आणि तिला बोलायचं नसेल तेव्हा तूही बोलू नको. तुला जमेल का हा मला खरोखर प्रश्न आहे.

धाकटीचं एवढं बोलणं पोटात घालशील या भरवशावर,
जानकी


मुंबई
५ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस व सौ. मामींस,
शलाकाचा सा. नमस्कार, वि. वि.

तुम्ही दवाखान्यात तीन दिवस गप्प बसलात, त्याची नर्सबाईंनाही दया आली. त्या आईला विचारत होत्या की ऑपरेशन यांचंही झालंय का. फक्त एकदा तुम्ही उठून भिंतीवरच्या पंख्याचा स्क्रू घट्ट केलात, तेवढं मी माफ केलं.

जखम भरली. बोलायची परवानगी आहे, थोडं थोडं. परवा हर्षदाताईंनी पाच मिनिटं गुणगुणायला लावलं. मामा, आवाज स्वच्छ आला. अगदी स्वच्छ, घासलेल्या तांब्यासारखा. खरखर नाही. जराही नाही. हर्षदाताईंना आनंद झाला, त्या म्हणाल्या की हाच तुझा आवाज, बाकीचा आजार होता. मला मात्र घाम फुटला. ऋषिकेश बाहेर बसला होता, त्याने दारातून ऐकलं. त्याचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. कुणाचं तरी बरंवाईट झाल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी कंपनीची बैठक झाली. त्यांचं म्हणणं असं की लोक लाकाची खरखर ऐकायला येतात. असा स्वच्छ आवाज दर गल्लीत एक आहे. त्यांनी उपाय काढला आहे. कॉम्प्युटरला माझा जुना आवाज शिकवायचा. मग मी किंवा कुणीही काहीही गायलं की त्यातून लाकाच्या आवाजात बाहेर येईल, खरखरीसकट. त्यांच्याकडे माझी नऊच गाणी आहेत, तीही वाद्यांत कालवलेली. त्याला तासन्‌तास नुसता आवाज लागतो, वाद्यं नसलेला. तो जगात एकाच माणसाकडे आहे.

आवाज माझा आणि रेकॉर्डिंग तुमचं, म्हणून कागदावर दोघांच्या सह्या लागतात. माझी झाली आहे. वीस तारखेला ऋषिकेश आणि कंपनीचे एक साहेब जव्हारला येतील. मामा, डिस्क द्या. मी कधी काही मागितलं नाही, हे मागते. दौऱ्याला मी उभी राहिले नाही तर त्यांच्याकडे दुसरी मुलगी तयार आहे, तिचे फोटोसुद्धा काढून झाले आहेत. सव्विसाव्या वर्षी माझं सगळं संपेल. खरखर आहे तोवर मी लाका. ती गेली की खोडाळ्याच्या बाईंची शलाका, जिला कुणी तिकीट काढून ऐकायला येणार नाही.

चिडू नका. चिडलात तरी आधी सही करा, मग चिडा.

तुमची,
शलू


जव्हार
२४ फेब्रुवारी २०२५

चि. शलाका हिस,
मामाचे आशीर्वाद, या वेळी पूर्ण मनापासूनचे. जानकीलाही पाठवले आहेत.

पत्र लांबलं, कारण तुझं पत्र आल्यापासून मी दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवून ऐकत बसलो होतो. पहिल्या रेकॉर्डिंगपासून, ओळीने. सगळे तीनशे बारा तास झाले नाहीत, एकेचाळीस झाले. पुरे झाले. प्रमिलाने पहिले दोन दिवस विचारलं की काय सापडतंय. नंतर विचारलं नाही, नुसता चहा ठेवून जायची.

जे सापडलं ते क्रमाने लिहितो. १४ ऑगस्ट २०१५, टेक सत्ताविसावा. ‘नि’वर हवा गळायला लागते. तिसाव्याला तू ती झाकायला गळा आवळतेस. हेडफोनवर स्पष्ट ऐकू येतं, अगदी मानेच्या शिरा दिसाव्यात इतकं. सदतिसाव्याला तू विचारतेस की मामा, पाणी पिऊ का, आणि मी सांगतो की हा एक नीट झाला की पी. माझाच आवाज आहे, दुसऱ्या कुणाचा म्हणता येत नाही. त्रेचाळिसाव्यानंतर आणखी एक आहे, म्हणजे जानकीच्या वह्या बरोबर होत्या. चव्वेचाळीस. वहीत त्याच्यापुढे माझ्या अक्षरात लिहिलंय: उत्तम, खरखर आली, हीच ठेवणे.

गाठ तेव्हाची नसेल. पण गळा आवळून गायची सवय तेव्हाची आहे आणि ती मी लावली आहे. तू हर्षदाताईंना आपोआप आलं म्हणून सांगितलंस. मला वाचवायला गेलीस. नको वाचवू. त्यांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे, तारखा आणि टेक क्रमांकांसह, म्हणजे काय मोडायचं ते त्यांना नेमकं कळेल. धूळ, एसी आणि फ्रिजचं पाणी यांच्यावरचे आरोप मागे घेतले आहेत. फ्रिजच्या पाण्याचं मात्र अजून माझं मत कायम आहे.

माणसाने वाद्य बनवावं, त्याचा आवाज आपल्या कानासारखा करावा, हे ठीक. मी तुला त्या यादीतच धरलं होतं. सायकलचा दांडा कापला, साडी ताणली, तार गुंडाळली आणि शलाका केली. तसं नव्हतं. तू आधीपासून होतीस. दोन हजार आठच्या मे महिन्यात सूर्यमाळला तुमच्या खोलीत मी तुला पहिल्यांदा रेकॉर्ड केलं. नऊ वर्षांची, एकच टेक, कारण बॅटरी संपली. काय गायली आहेस! कुठे जोर नाही, कुठे दिखावा नाही, शेवटची ओळ तर हसत हसत म्हटलीस. मी त्या नोंदीपुढे लिहिलं होतं: आवाज पातळ, दम नाही. ते चूक होतं. काल खोडून दुरुस्त केलं आणि खाली तारखेसह सही केली. त्या टेकची प्रत हर्षदाताईंना पाठवली आहे. तू परवा गुणगुणलीस तो आवाज नवा नाही. मधली दहा वर्षं तो माझ्या हुकमाखाली होता, इतकंच.

आता वीस तारीख. ऋषिकेश आणि साहेब सकाळी साडेदहाला आले. साहेबांनी खोलीतल्या गाद्या हाताने दाबून पाहिल्या आणि इंग्रजीत कौतुक केलं. ऋषिकेश बिचारा वाईट नाही. त्याने मामीला वाकून नमस्कार केला आणि पापडही मागितले. कागद सतरा पानांचा, इंग्रजी. मराठी प्रत मागितली तर नव्हती. मग मी शब्दकोश काढला आणि त्यांना बसायला सांगितलं. साहेबांनी सुचवलं की प्रत्येक ओळ वाचायची गरज नसते, सगळे सही करतात. मी सांगितलं की सगळे ट्रान्सफॉर्मर पण विकत आणतात. सव्वादोन तास लागले. ऋषिकेशने चार चहा घेतले.

तुझी सही प्रत्येक पानावर आहे. सुंदर आहे, वळणदार आहे. एकाही पानाचा कोपरा मात्र मळलेला नाही, म्हणजे तू एकही पान उलटून वाचलेलं नाहीस. कलम अकरा मी तुला मराठीत करून देतो: या रेकॉर्डिंगवरून तयार झालेला आवाज कंपनीच्या मालकीचा राहील, कलाकार गाण्यास समर्थ असो वा नसो, कंपनीबरोबर असो वा नसो, हयात असो वा नसो. कळलं का? तुझ्या जागी ती फोटो काढलेली मुलगी उभी करतील आणि तुझ्या गळ्याने गायला लावतील. तू खोडाळ्याला बसून टीव्हीवर ऐकशील, आणि मी टक् शोधत बसेन. मी ऋषिकेशला ते कलम वाचून दाखवलं. त्याने कपाळाला हात लावला. त्यानेही वाचलेलं नव्हतं. तुम्ही सगळी शिकलेली माणसं, तुमच्यापुढे काय डोकं फोडावं!

मी सही केली नाही. करणार नाही. दुखण्याचा आवाज होता तो. मी ओळखला नाही म्हणून चांगला म्हणून लिहून ठेवला. तो यंत्राला शिकवून दुखणं कायमचं करायला मी देणार नाही.

याचा अर्थ मला समजतो. दौरा जाईल. पोस्टरवर दुसरी येईल. स्वच्छ आवाजाचं लोक काय करतील ते मला माहीत नाही, माहीत असल्याचा आव आणत नाही. पहिल्या कार्यक्रमाला तीनशे माणसं येतील, कदाचित तीसच. तू मागितलेली एकुलती एक गोष्ट मी दिली नाही, याचा तुला राग येईल. हर्षदाताई मोठ्याने बोलायची परवानगी देतील तेव्हा फोन कर आणि हवं तेवढं बोल. प्रमिलाला उचलू देणार नाही, मीच उचलेन. मधे बोलणार नाही.

जमेल तेव्हा इकडे ये. खोलीचं दार काढून ठेवलंय. बाजाराचा आवाज येतो आत, येऊ दे.

लोभ कमी केलास तर तो तुझा हक्क; माझ्याकडून तो होता तितका आहे.

तुझा,
दामूमामा

ता. क. ऋषिकेश तुला आकडा सांगेलच, पण आकड्यांच्या बाबतीत त्याला शिस्त नाही. म्हणून बरोबर आकडा माझ्याकडून घे. बसल्यावर पंचवीस म्हणाले. कलम अकरावर मी बोट ठेवल्यावर चाळीस. दाराशी चपला घालताना साहेबांनी शेवटचं सांगितलं, पन्नास, आणि शुभ म्हणून वर एक. शलाकाचा आवाज, तीनशे बारा तास, सर्व हक्कांसह, कायमचा. मी नको म्हटलं. नाकारलेली रक्कम: अक्षरी रुपये एकावन्न लाख फक्त.